पी शून्य सात चाळीस

चढ अर्धाअधिक संपला होता आणि तो पिवळा दिवा लागला. इंजिनच्या चित्राचा. गाडी मात्र होती तशीच चालत होती, धक्का नाही, आवाज नाही, वास नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचीच जास्त भीती वाटली, कारण धूर निघाला असता तर निदान कळलं असतं की कुठे बघायचं. जुनी गाडी चालवणाऱ्या माणसाचा एक कान कायम गाडीला लागलेला असतो, कुठे काय वाजतंय, आज कालच्यापेक्षा जास्त वाजतंय का, वगैरे. त्या दिवशी त्या कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं. नंतर आठवलं तर एवढंच, की टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे (आरपीएम) घेतंय ते दाखवणारा, काटा नेहमीपेक्षा दोन-अडीचशे आरपीएम वर होता आणि मी ते चढाच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

घरी आल्यावर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगतो. माझ्याकडे एक छोटा स्कॅनर आहे, ब्लूटूथचा, स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ जे सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात खुपसायचा आणि फोनवर बघायचं. खुपसला, कोड आला (गाडीचा कॉम्प्युटर बिघाड ज्या नंबराने नोंदवतो तो) पी ०७००, आणि मी, काय म्हणावं, दिवा दिसतोय ते सहन न होऊन, क्लिअर दाबलं. दिवा गेला. बरं वाटलं. साधारण दहा सेकंद बरं वाटलं, मग लक्षात आलं की आपण काय घालवून बसलो.

कारण कोड पुसला की नुसता कोड जात नाही. कोड नोंदवला त्या क्षणी गाडीची अवस्था काय होती, वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम, त्याच्यावर लोड किती, हा सगळा एक फोटो कॉम्प्युटर काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोडपेक्षा ही फ्रेम मोलाची असते. आणि क्लिअर दाबलं की ती कायमची गेली, परत मागायची सोय नाही. म्हणजे चोरी झालेल्या घरात शिरून आधी फरशी पुसून घेतल्यासारखं मी केलं होतं.

त्यातही पी ०७०० हा कोड म्हणजे नुसता निरोप्या. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सकडचा विभाग, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू असलेला कोड (तिथे एक असेल तर बहुतेक वेळा त्या कंपनीचा स्वतःचा), आणि नंतरचा सात म्हणजे ट्रान्समिशन, म्हणजेच गिअरबॉक्स. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपला बिघाड कोडमधून सांगायची ही ठरीव पद्धत, सक्तीचं झालं, आणि आता ही भाषा बऱ्यापैकी सगळीकडे सारखी आहे. पण ०७०० चा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगितलंय, माझ्याकडे काहीतरी तक्रार आहे, तू दिवा लाव. तक्रार काय आहे ते गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरच्या वहीत, आणि ती वही माझ्या स्कॅनरला वाचता येत नव्हती. बरीच मंडळी हा निरोप वाचूनच घाबरून जातात. मीही गेलो.

म्हणून गाडी मेकॅनिककडे नेली. त्याच्याकडे मोठा स्कॅनर. नशिबाने माझ्या क्लिअरने ती दुसरी वही पुसली गेली नव्हती, हिस्टरीमधे एक कोड शिल्लक होता, पी ०७४०. त्याने स्क्रीनकडे बघितलं, गाडीच्या किलोमीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"साहेब, टॉर्क कन्व्हर्टर गेला. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"अहो पण गाडी चांगली चालतेय."

"आत्ता चालतेय."

हे वाक्य कुठल्याही जुन्या गाडीबद्दल कधीही बोललं तरी खरंच असतं, त्यामुळे त्यावर वाद घालता येत नाही. माणूस अनुभवी आहे, फसवणारा नाही. त्याने शंभर गाड्यांमधे जे बघितलं ते माझ्या गाडीत बघितलं. मी म्हणलं, थोडे दिवस द्या, तो म्हणाला हरकत नाही, आणि त्याने सगळे कोड पुसून दिले.

आता टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधे पायाने दाबायचा क्लच नसतो, तिथे तेलाने भरलेला एक डबा असतो, तोच टॉर्क कन्व्हर्टर. टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला तर वाऱ्याने तो फिरायला लागतो, तसं, फक्त हवेच्या जागी तेल. ही कल्पना मुळात गाड्यांसाठी नव्हतीच, हेरमान फोटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ मधे जहाजांसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. पण तेलातून जोर पाठवायचा म्हटलं की थोडी घसरण आलीच, समोरचा पंखा पहिल्याच्या बरोबरीने कधीच फिरत नाही, आणि त्या घसरणीत पेट्रोल वाया जातं आणि तेल तापतं. म्हणून कन्व्हर्टरच्या आत एक छोटा क्लच बसवतात, गाडी एका लयीत चालायला लागली की तो दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट धरतो, त्याला लॉकअप म्हणतात. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर गाडीवाल्यांना त्याचं महत्त्व जास्त पटलं. हा क्लच कधी धरायचा ते कॉम्प्युटर ठरवतो, तो एका सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेला, करंट देतो, सोलेनॉइड तेलाची वाट उघडतो, आणि तेलाच्या दाबाने क्लच बसतो.

म्हणजे बघा, कॉम्प्युटर, वायर, कनेक्टर, सोलेनॉइड, तेलाची वाट, क्लच. साखळी आहे. कोड पी ०७४१ असता तर अर्थ झाला असता की हुकूम सुटला पण क्लच बसलाच नाही, घसरण तशीच राहिली. ०७४० म्हणजे लॉकअपच्या सर्किटमधेच गडबड, सर्किट तुटल्यासारखं दिसतंय. शेवटचा एक आकडा इकडचा तिकडे, आणि एकात संशय तेल-क्लचकडे जातो तर दुसऱ्यात विजेकडे. मेकॅनिकने स्क्रीनवर टॉर्क कन्व्हर्टर हे शब्द वाचले आणि पुढचा सर्किट हा शब्द, मला वाटतं, वाचला असेल पण ऐकला नाही. आणि मीही ऐकला नव्हताच, रात्री मॅन्युअल उघडून बसलो तेव्हा दिसला.

मग सोप्या गोष्टी आधी. बॅटरी, कारण व्होल्टेज कमी पडलं की हे कॉम्प्युटर भुतं दिसल्यासारखे वाट्टेल ते कोड टाकतात. बंद गाडीत १२.५, चालू इंजिनला १४.१, म्हणजे तिथे काही नाही. मग गिअरबॉक्सचं ऑइल. माझ्या गाडीला डिपस्टिक आहे (बऱ्याच नव्या गाड्यांना ती नसतेच), आणि ते ऑइल इंजिन गरम असताना, चालू ठेवून, सपाट जागी, सगळे गिअर एकदा फिरवून पार्किंगच्या पी मधे आणून बघायचं असतं, म्हणजे माझ्या गाडीत तरी, काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात म्हणून मॅन्युअल वाचायचंच. पांढऱ्या फडक्यावर थेंब टाकला. गडद लाल, थोडा तपकिरीकडे झुकलेला पण काळा नाही, करपल्याचा वास नाही, दोन बोटांमधे चोळून बघितलं तर कचकच नाही. क्लच जळत असेल तर तेल गप्प बसत नाही, ते रंगाने आणि वासाने सांगतं. हे तेल काही सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर लॉकअपची परीक्षा घेतली. ही मला फार आवडते, कारण हत्यार लागत नाही. गाडी चांगली गरम झाली की सपाट रस्त्यावर साधारण सत्तरच्या वेगाने पाय स्थिर ठेवायचा. टॉप गिअर पडल्यावर थोड्या वेळात टॅकोचा काटा अजून एकदा खाली येतो, गिअर पडल्यासारखा पण त्याहून हळू आणि थोडाच, तो लॉकअप. मग मागे कोणी नाही हे बघून ब्रेकला नुसता पाय टेकवायचा, म्हणजे ब्रेकचे दिवे लागतील इतपतच, ॲक्सिलरेटर तसाच. लॉकअप सुटतो आणि काटा दोनशे-अडीचशे वर उडतो. पाय काढला की परत खाली. मी चार वेळा केलं, चारही वेळा काटा सांगितल्यासारखा वर गेला आणि खाली आला. म्हणजे क्लच बसत होता, सुटत होता, आणि ब्रेकच्या स्विचचाही प्रश्न नव्हता. जो भाग खोलायला गिअरबॉक्स उतरवायचा होता तो भाग माझ्यासमोर काम करत होता!

मग वाट बघणं. नऊ दिवस. दिवा लागावा म्हणून वाट बघणारा माणूस विचित्रच दिसत असणार, घरी रोज विचारायचे, लागला का, आणि मी तोंड पाडून सांगायचो, नाही. नवव्या दिवशी लागला, त्याच चढावर. या वेळी गाडी बाजूला घेऊन आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, मग बाकी सगळं.

वेग ७४. आरपीएम २१४०. कूलंट ९२ अंश. लोड ६४ टक्के.

गणित तिथेच कागदावर केलं. माझ्या गाडीचा चौथा गिअर ०.७, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधलं शेवटचं गिअरचं प्रमाण) ४.१, टायरचा परीघ १.९ मीटर. ७४ च्या वेगाला चाक मिनिटाला ६४९ वेळा फिरतं, गुणिले ०.७ गुणिले ४.१, म्हणजे लॉकअप बसलेला असता तर इंजिन १८६० च्या आसपास असायला हवं होतं. होतं २१४०. म्हणजे २८० ची घसरण, लॉकअप सुटलेला. तो दोन-अडीचशेचा काटा, जो मी चढाच्या खात्यावर टाकला होता, तो इथे होता.

आणि आता माझी खरी चूक. मी त्या चार आकड्यांमधून ९२ उचलला. गरम. दोन्ही वेळा गाडी गरम असताना दिवा लागला, थंड असताना कधीच नाही, म्हणजे उष्णतेने काहीतरी सुटतंय, सोलेनॉइडची कॉइल तापली की आतून तुटत असणार. असं होतंही, सोलेनॉइड थंडीत ठीक आणि तापल्यावर ओपन, ही जुनी प्रसिद्ध खोड आहे. माझी खात्रीच पटली. नवीन सोलेनॉइड कुठे मिळेल याची चौकशीसुद्धा सुरू केली.

मापं घेतली. सकाळी थंड गाडीत गिअरबॉक्सवरचा कनेक्टर काढून सोलेनॉइडचा रेझिस्टन्स बघितला, १३.२ ओहम, मॅन्युअल म्हणतं ११ ते १५, म्हणजे झकास. संध्याकाळी गाडी तासभर फिरवून आणली आणि तापलेल्या पाइपांमधे हात घालून परत मोजलं, मनगटावर एक चटका बसला तो अजून दिसतो. १६.३. मला वाटलं सापडला, पंधराच्या वर गेला. मग आठवलं की तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतोच, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के, आणि मॅन्युअलचे आकडे असतात २० अंशांचे. २० वरून ८५ ला गेलं तर १३.२ चे साडेसोळा होणार. म्हणजे १६.३ हा निरोगी आकडा होता, अगदी पुस्तकात दाखवावा असा. चटका फुकट गेला.

त्या रात्री तो स्क्रीनशॉट परत बघत बसलो आणि मग ती साधी गोष्ट डोक्यात शिरली जी आधीच शिरायला हवी होती. मधल्या नऊ दिवसात मी दोनदा सपाट रस्त्यावर तास-तासभर गाडी चालवली होती. कूलंट तेवढंच गरम होतं. दिवा लागला नव्हता. उष्णता गुन्हेगार असती तर तेव्हाही लागायला हवा होता ना. मॅन्युअलमधे कोडची अट वाचली तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, की कॉम्प्युटर हे सर्किट लॉकअपचा हुकूम देतो तेव्हाच तपासतो. आणि लॉकअपचा हुकूम तो गाडी गरम झाल्याशिवाय, वेग स्थिर झाल्याशिवाय देतच नाही. म्हणजे ९२ अंश हा आकडा बिघाडाबद्दल काही बोलतच नव्हता. वायर सकाळी थंड गाडीत शंभर वेळा तुटून जुळत असेल, कॉम्प्युटर तेव्हा तिकडे बघतच नव्हता. तो बघतो तेव्हा गाडी गरमच असते. मी पहारेकऱ्याच्या ड्युटीची वेळ बघून चोराच्या सवयी ठरवत होतो.

चार आकड्यांमधे खरा बोलका होता तो शेवटचा. ६४ टक्के लोड. चढ. आणि चढावर काय होतं, तर इंजिन जोर लावतं आणि त्या जोराने इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही आपल्या रबराच्या माउंटवर मागे कलंडतात. नवीन गाडीत अगदी थोडे. जुन्या गाडीत...

रविवारी मुलीला मदतीला घेतलं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, ग्लोव्ह बॉक्स उतरवला, त्याच्या मागे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आहे, त्याचा प्लग काढला, मीटरची एक तार लॉकअपच्या पिनेला, दुसरी बॉडीच्या अर्थला. इथून मोजलं की पूर्ण रस्ता मोजला जातो, वायर, कनेक्टर, सोलेनॉइड, सगळं. तिला सांगितलं, तू फक्त आकडा वाचत राहा, आणि मी बॉनेटखाली.

"तेरा पॉइंट चार."

मी कनेक्टर हलवला. "तेरा पॉइंट चार." लूम, म्हणजे टेप गुंडाळलेला वायरींचा जुडगा, इंजिनजवळ दाबला. "तेच आहे बाबा." बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून वायरी चाचपल्या. "तेच. बाबा अजून किती वेळ?" मग लूम जिथे बॉडीवरच्या ब्रॅकेटला क्लिपने पकडलाय तिथून तो गिअरबॉक्सच्या दिशेने ओढला, चढावर गिअरबॉक्स ज्या बाजूला कलंडतो त्या बाजूला.

"बाबा, आकडा गेला! ओएल आलंय. ओएल म्हणजे काय?"

सोडला. "तेरा पॉइंट चार." ओढला. "ओएल." ओएल म्हणजे सर्किट तुटलं, मीटरला पलीकडे काही दिसत नाही. आम्ही ते दोघांनी मिळून उगाच दहा-बारा वेळा केलं, ओढ-सोड, ओढ-सोड, ती ओरडून आकडे सांगतेय आणि मी बॉनेटखाली एकटाच हसतोय.

टेप सोडवून ती वायर बाहेर काढली. वरून बघाल तर काही नाही, ना ओरखडा, ना चीर, इन्सुलेशन अखंड. डोळ्यांनी मी ती आधी दोनदा बघून पुढे गेलो होतो. पण दोन बोटांत धरून सरकवत गेलो तर क्लिपपासून दीड-दोन सेंटिमीटरवर एका जागी बोट आत बुडाल्यासारखं झालं. बाकी सगळीकडे वायर वाकवली की आतला तांब्याचा कणा हाताला लागतो, थोडी ताठ असते, आणि त्या जागी नुसतं प्लॅस्टिक, रिकाम्या रिफिलसारखं. कापून सोलली तर आतले तंतू एक एक करून तुटलेले, टोकं काळी पडलेली. इन्सुलेशन त्या टोकांना एकमेकांना टेकवून ठेवत होतं, म्हणून गाडी उभी असताना माप बरोबर येत होतं. गिअरबॉक्स कलंडला, वायर ताणली गेली, टोकं सुटली, चढ संपला, परत टेकली.

आणि गिअरबॉक्स इतका का कलंडत होता, ते बघायला पहार लावून माउंट उचलून बघितलं. रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं. बहुतेक खूप दिवसांपासून तसंच असणार, डी मधे टाकताना जो एक हलका धक्का बसायचा त्याला मी गाडीचा स्वभाव समजत होतो.

जोड देताना सोल्डर करायचा मोह झाला पण नाही केलं, कारण सोल्डर तंतूंमधे चढून वायर तेवढ्या जागी ताठ करतं आणि मग हलणाऱ्या जागी ती सोल्डर संपतं तिथेच परत तुटते. तुकडा काढून टाकला, थोडी जास्त लांबीची नवीन वायर घालून दोन्ही बाजूंना क्रिंप केला, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबून पक्का केला, वर गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी), आणि क्लिप थोडी मागे सरकवली म्हणजे लूमला ढील राहील. माउंट मेकॅनिककडून बसवून घेतला, ते माझ्याच्याने होण्यातलं नव्हतं.

त्याला वायरचा तुकडा दाखवला. त्याने तो हातात घेतला, काही न बोलता तीच जागा बोटाने शोधून काढली, मला पंधरा मिनिटं लागली होती त्याला तीन सेकंद, आणि दोनदा वाकवून बघितला.

"ही कुठली?"

"लॉकअपची."

त्याने तो तुकडा परत दिला नाही, शर्टाच्या खिशात टाकला, आणि माउंट काढायला गाडीखाली गेला. खालूनच आवाज आला, "साहेब, कोड पुसलात का?"

"नाही, तसाच ठेवलाय."

"बरं केलंत. मला एकदा त्याची फ्रीझ फ्रेम बघायचीय."